कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली

त्या घराण्यात सगळ्यात मोठा मान होता एका किल्लीला, आणि त्या किल्लीने जगातलं एकही कुलूप उघडत नव्हतं. आता याला काय म्हणावं? पिढ्यानपिढ्या कुलपं करणारी माणसं. अर्ध्या शहराची दारं यांच्या हातच्या किल्ल्यांनी उघडायची आणि बंद व्हायची. आणि यांनी छातीशी कवटाळली कुठली, तर शोभेची सोन्याची किल्ली! खापरपणजोबांनी म्हणे खजिन्याचं अडकलेलं कुलूप उघडून दिलं होतं, तेव्हा कुण्या बड्या असामीने खूश होऊन ती बहाल केली. कुलूप मुळात अडकलं कशाने, हे मात्र कुणी सांगत नसे. टाचणीला दाट संशय होता की तेही याच घराण्यात बनलेलं असणार.

टाचणी म्हणजे या घराण्याची नात, थोरल्या काकांची पुतणी. साठी ओलांडलेली, अंगाने भरलेली, स्वतःच्याच दुकानाच्या दारातून जरा तिरकी होऊन आत शिरणारी बाई. नाव पडलं ते युद्धात. जन्मली ऐन लढाईत आणि पहिलं वर्षभर इतकी वाळकी होती की बघणारा टाचणीच म्हणायचा. पुढे ती खाऊनपिऊन सुखी झाली, पण नाव काही बदललं नाही. वडील गेल्यावर घराण्याचं दुकान तिनेच चालवलं, कारण चुलतभावांना कुलपांचा अभिमान फार होता आणि कानशीने हात काळे करायचा कंटाळा त्याहून फार.

तर ती किल्ली युद्धात गेली. शत्रूने नेली, बॉम्बने उडाली, असं काही असतं तर किती बरं झालं असतं! शत्रूला चार शिव्या हासडून मंडळी मोकळी झाली असती. पण तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे थोरले काका दरवर्षी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावून सांगत. दिवाणखान्यात मधोमध, जिच्यातून किल्ली गेली ती लोखंडी पेटी ठेवलेली असायची. काका नव्वदीला आले होते, ऐकू कमी यायचं, पण ही गोष्ट सांगताना आवाज असा काय लागायचा की शेजाऱ्यांनाही पाठ झाली होती.

लढाई वेशीशी आली तेव्हा तिघा भावांना, म्हणजे थोरले काका, मधले काका आणि टाचणीच्या वडिलांना, सरकारने दूरच्या कारखान्यात कामाला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, किल्ली कापडात शिवून सगळ्यांसमोर पेटीत ठेवली. मग तिघांनी पेटीला तीन कुलपं ठोकली. तीन का? तर प्रत्येकाचा स्वतःच्या कुलपावर विश्वास होता आणि दुसऱ्याच्या कुलपावर नव्हता. खरं सांगायचं तर भावावरही नव्हता. प्रत्येकाने आपापली किल्ली गळ्यात घातली, पेटी दुकानाच्या फरशीखाली पुरली, आणि मोठं राज्य सुरक्षित केल्याच्या थाटात तिघे निघून गेले. थोरल्या सुना माहेरी गेल्या. घरात उरल्या दोघीच, आजी आणि ओली बाळंतीण असलेली धाकटी सून.

युद्ध संपलं. तिघे परत आले. पेटी उकरली. कुलपं जशीच्या तशी! काकांनी चाकूने टराटरा कापड फाडलं आणि आतून निघाली एक गंजकी लोखंडी किल्ली, परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याची.

"कुलूप तुटलं नाही, पेटी फुटली नाही," काका इथे थांबून पाण्याचा घोट घेत, "म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. घरातलंच कुणीतरी! ज्याला कुलूप तारेने उघडायची विद्या येत होती, असं."

एवढं बोलून ते दाराजवळच्या खुर्चीकडे बघायचे. त्या खुर्चीवर टाचणीची आई बसलेली असायची.

आईला ती विद्या येत होती, हे खरंच. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने शिकवली होती. एकदा थोरल्या काकांच्या कपाटाची किल्ली हरवली, ते सकाळपासून घाम गाळत बसले होते, आणि या पोरसवदा भावजयीने केसातला आकडा काढून चहा उकळेपर्यंत कपाट उघडून दिलं. तेही सगळ्यांसमोर. आता हे विसरायला माणूस फार मोठ्या मनाचा लागतो. काका फक्त वयाने मोठे होते. त्यांनी तेव्हापासून तिच्याशी सरळ बोलणंच सोडलं. "तुझ्या आईला म्हणावं, भाजी घे," असं टाचणीला सांगत, आणि आई समोरच बसलेली असायची.

पहिली काही वर्षं आई म्हणायची, "मी नाही घेतली." मग ती म्हणायची बंद झाली. टाचणीचे वडील बायकोच्या बाजूचे होते, पण कसे, तर मूग गिळून. रात्री उशाशी धीर द्यायचे आणि दिवसा भावासमोर ताटातल्या भाताकडे बघत बसायचे. तसेच गेले बिचारे. आई मात्र दरवर्षी जेवायला जायची. टाचणी म्हणायची, "कशाला जातेस गं? अपमान करून घ्यायला?" आई म्हणायची, "नाही गेले तर म्हणतील, तोंड दाखवायला जागा नाही हिला."

त्या वर्षी गोष्ट संपल्यावर काकांचा मुलगा उठला. हा कुलूपवाल्यांच्या संघाचा चिटणीस. आयुष्यात एक कडी बसवली नव्हती, पण कड्या बसवणाऱ्यांच्या सभा इतक्या भरवल्या होत्या की त्याला सगळे घरीसुद्धा चिटणीसच म्हणत. त्याने घसा खाकरला.

"आनंदाची बातमी आहे. संघाच्या इमारतीत जुन्या वस्तूंचं दालन उघडतंय, आणि आपली पेटी तिथे मधोमध ठेवायची ठरली आहे. खाली पितळी पाटी. मजकूर मीच लिहिलाय." आणि त्याने वाचून दाखवला. घराण्याची थोरवी, खजिन्याचं कुलूप, सोन्याची किल्ली, सगळं झालं आणि शेवटी आलं, "ही किल्ली युद्धकाळात घराण्यातील धाकट्या सुनेकडून नाहीशी झाली."

टाळ्या पडल्या. कुणी तरी "वा" सुद्धा म्हणालं.

"कोरायचं काम तुझ्याकडेच देतो, टाचणी," चिटणीस उदारपणे म्हणाला. "घरचंच माणूस. बाहेर कशाला जायचं?"

टाचणीच्या तोंडात शब्द होते, पण ते पाटीवर कोरण्यासारखे नव्हते. तिने आईकडे पाहिलं. आई ताटात बोटाने काहीतरी चाळवत होती.

दोघी घरी परतल्या. जिना चढून वर आल्यावर, खुर्चीत बसल्यावर आई म्हणाली, "माणसं बोलतात आणि मरून जातात गं. मी वाट बघत होते. म्हटलं, भाऊजी जातील, मी जाईन, संपेल सगळं. पण पितळ काही मरत नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि कोरणार तू."

टाचणीच्या त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आई थकली होती, दृष्टी अधू झाली होती, पुढच्या वर्षीच्या जेवणाला ती असेल याची खात्री नव्हती. आणि ती गेल्यावर दालनात येणारा जाणारा प्रत्येक उपटसुंभ वाकून वाचणार होता की ही बाई चोर होती. टाचणीने ठरवलं, किल्ली शोधायची. निदान कुणी घेतली ते शोधायचं. मग तो चोर कुणाचा का बाप असेना.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली आणि म्हणाली, "पेटी दालनात ठेवायची तर कुलपं अशी गंजकी बरी दिसतील का? दुकानात नेते, साफ करून आणते."

"खोलणार तू?" काकांनी कानामागे हात धरला.

"तेल देणार, काका."

"माझं कुलूप जपून हं. तसलं कुलूप आता होत नाही."

होत नाही हे बरंच आहे, असं टाचणीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पेटी हातगाडीवर घालून आणली.

दुकानाचं दार लावून घेऊन तिने तिन्ही कुलपं बाकावर मांडली आणि एकेक करून पार आतड्यांपर्यंत उघडली. कुलूप तारेने उघडलं की आतल्या पट्ट्यांवर ओरखडे राहतात, किल्ली जिथे कधी टेकत नाही अशा जागी. कितीही हलका हात असला तरी राहतात. टाचणीने भिंग लावून पट्टी न् पट्टी पाहिली. मधल्या काकांच्या कुलपात एक पट्टी उलटी बसवलेली होती, थोरल्या काकांच्या "तसल्या" कुलपात स्प्रिंग आधीच मोडलेली होती, पण ओरखडा एकाही पट्टीवर नव्हता. एकही कुलूप कधी तारेने उघडलेलं नव्हतं. सगळ्या घराण्याने जन्मभर कुलपांकडे बोट दाखवलं आणि एकालाही ते खोलून बघावंसं वाटलं नाही. कुलूपवाले म्हणे!

म्हणजे किल्ली पेटीतून चोरीला गेलीच नव्हती. मग ती पेटीत होती तरी का?

पेटीच्या तळाशी ते फाडलेलं कापड आणि खुराड्याची किल्ली तशीच पडून होती. एवढी वर्षं पेटी उघडायची, मंडळी कुलपांवरून हात फिरवायची, हळहळायची आणि पेटी बंद करायची. कापड कुणी हातातही घेतलं नव्हतं. कुलूपवाल्यांच्या घरात चिंधीकडे कोण बघतो? टाचणीनेही आधी नाकच मुरडलं. मग तिच्या लक्षात आलं की काकांनी कापड मधोमध फाडलंय, पण कडेची शिवण अजून शाबूत आहे. तिने ते खिशात घातलं.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. डोळ्यांपेक्षा बोटांनी करायची कामं आता तिच्याकडे असत. टाचणीने कापड तिच्या हातात ठेवलं.

"हे काय आहे सांग बघू."

आईने शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. "सासूबाईंची टीप," ती लगेच म्हणाली. "त्या डावखुऱ्या होत्या ना. त्यांची टीप उलट्या बाजूला कलायची. आम्ही सुना हसायचो मागून. कुठे मिळालं हे?"

"पेटीत. यातच खुराड्याची किल्ली होती."

"म्हणजे हेच ते, जे त्यांनी सगळ्यांसमोर ठेवलं."

"आई, नीट ऐक. शिवण उसवून पुन्हा घातलेली नाहीये. मी भिंगाने पाहिली, भोकं एकाच दोऱ्याची आहेत. आजीने शिवली तेव्हापासून ती कुणी उघडलीच नाही, काकांनी फाडेपर्यंत."

आईचे हात थांबले. शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"म्हणजे खुराड्याची किल्ली…"

"आजीनेच शिवून ठेवली. तिघं पोरं कुलपं ठोकत होती, भांडत होती की कुणाचं कुलूप वर लावायचं, आणि ही बाई त्यांच्या नाकासमोर कोंबड्यांची किल्ली ठेवत होती! जन्मभर कुलूपवाल्याच्या घरात राहिली. नवरा कुठलंही कुलूप चुटकीसरशी उघडतो हे तिने रोज पाहिलं. ती कुलपावर कशाला विश्वास ठेवते?" टाचणी हसायला लागली. किती वर्षांनी असं मोकळं हसली. "आई, तू सुटलीस! तू नाही घेतलीस! आता सांगते एकेकाला!"

पण आई हसत नव्हती. ती त्या शिवणीवरून अंगठा फिरवत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"कोट," आई म्हणाली.

"कसला कोट?"

"त्याच आठवड्यात त्यांनी मला कोट शिवला होता. आत कापूस भरलेला, जाड. कधी नव्हे ते. एरवी मला सुई उसनी द्यायलासुद्धा त्यांच्या जिवावर यायचं. आणि म्हणाल्या, अंगावरून काढू नकोस, झोपतानासुद्धा काढू नकोस, थंडी फार आहे. मला वाटलं, बाळंतीण म्हणून माया आली." ती थांबली. "मला रडू आलं होतं गं तेव्हा. आई गेल्यावर पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं, थंडी आहे म्हणून. जन्मभर तेवढं एक वाक्य जपून ठेवलं होतं मी त्यांचं."

टाचणी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. पुढचं तिला ठाऊक होतं, लहानपणापासून ऐकलेलं. शहर सोडून दोघी पायी निघाल्या. वाटेत एका गावात आजीला ताप भरला.

"कोट, कोट करत होत्या," आई म्हणाली. "मला वाटलं थंडी वाजतेय. मी काढून त्यांच्यावर घातला, तर त्यांनी तो माझ्याकडे ढकलला. पुन्हा घातला, पुन्हा ढकलला. मला वाटलं, बघा, मरताना पण माझी काळजी. आणि गेल्या." तिने डोळे पुसले, मग पुसायचं सोडून दिलं. "मग माझं दूध आटलं. तू रडायचीसुद्धा नाहीस, तेवढी ताकद नव्हती. गावात एकीकडेच गाय दुभती होती. तिला द्यायला माझ्याकडे काय होतं? कोटच होता."

म्हणजे सोन्याची किल्ली त्या कोटात शिवलेली होती. किल्लीचा चोर सापडला होता आणि तो शेंगा सोलत बसला होता.

"म्हणजे भाऊजी खरंच बोलत होते," आई म्हणाली. "माझ्याच हातून गेली."

टाचणी गाव शोधायला गेली. गाव अगदी सहज सापडलं. ज्या किल्लीसाठी सगळ्या घराण्याने जुन्या बाजारात, सोनारांकडे, परक्या देशांच्या संग्रहालयांत एवढी वर्षं चौकश्या केल्या, ती बसने सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकी जवळ होती. दूधवाली केव्हाच गेली होती. तिची मुलगी होती, टाचणीहून थोरली, पांढऱ्या केसांची, गोठा झाडत होती.

"कोट?" ती म्हणाली आणि झाडू भिंतीला टेकवला. "तो तर आईचा जीव होता. उन्हाळ्यातसुद्धा काढायची नाही. म्हणायची, अशी ऊब कशातच नाही. एकच खोड होती, काखेत काहीतरी टोचायचं. मी म्हणायचे, उसवून बघू या, तर म्हणायची, नको गं, शिवण इतकी छान आहे, उसवायला हात धजत नाही."

"आता कुठे आहे तो?"

"तिच्या अंगावर." बाईने वरच्या टेकडीकडे हात केला, जिथे गावच्या कबरस्तानाची भिंत दिसत होती. "तिनेच सांगून ठेवलं होतं, मला यातच पुरा."

टाचणी गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकली. अख्ख्या घराण्याचा मान, खजिन्याचं कुलूप उघडल्याचं बक्षीस, काकांचा दिवाणखाना, चिटणीसाचं दालन, सगळं त्या टेकडीवर एका दूधवालीच्या काखेत टोचत पडलं होतं. तिने सगळं सांगून टाकलं. लपवावं असं तिला वाटलंच नाही.

"म्हणून टोचायचं होय!" बाई खळखळून हसली. मग तिने टाचणीला नीट निरखलं. "म्हणजे ते बाळ तुम्हीच? आई सांगायची. म्हणायची, पोर इतकी बारीक होती की दूध पाजलं की घशातून उतरताना दिसायचं. वसंत येईपर्यंत रोज पाजलं. कोट तर नंतर घेतला तिने. आधीच पाजायला लागली होती, पण तुमची आई ऐकेना, म्हणाली, फुकटचं नको." ती आत जाऊन पेलाभर दूध घेऊन आली. "तुमची वस्तू आहे. हवी असेल तर बघा. आईची काही हरकत असायची नाही."

"राहू दे," टाचणी म्हणाली. "तिला आता सवय झाली असेल." आणि पेला रिकामा करून परत दिला.

काकांकडे पाटी लावण्याआधीची बैठक भरली तेव्हा सगळे जमले होते. पेटी मधोमध, तिन्ही कुलपं तेल देऊन चकाकत होती. टाचणीने पितळी पाटी आणली होती, कोरी. चिटणीसाने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? कोरली नाहीस?"

"आधी ऐक," टाचणी म्हणाली आणि तिने सांगितलं. पट्ट्यांवर ओरखडे नाहीत इथपासून टेकडीवरच्या कबरीपर्यंत. काकांना ऐकू यावं म्हणून ती ओरडून बोलत होती, त्यामुळे शेजाऱ्यांनाही गोष्टीचा उरलेला भाग फुकटात मिळाला.

ती थांबली.  आणि मग काकांचा चेहरा असा काही फुलला की काय सांगावं!

"म्हणजे हिच्याच हातून गेली!" ते काठी आपटत म्हणाले. "मी काय सांगत होतो? एवढी वर्षं काय सांगत होतो? पाटीवरचा मजकूर बरोबर आहे!"

"खरंच की," चिटणीस हळूच म्हणाला. "तसा बदलायची गरज नाही. आणि कबर उघडायची परवानगी मिळाली तर…"

"उघडा की," दाराजवळून आवाज आला. आई उठून उभी राहिली होती. खुर्चीची पाठ धरून, पण ताठ. "कुलूपवाले ना तुम्ही? उघडा. त्या बाईने माझ्या पोरीला हिवाळाभर जगवलं. तिच्या काखेत हात घालून किल्ली काढा आणि आणून ठेवा या पेटीत. आणि हो, माझ्याच हातून गेली. कोटासकट दिली मी. दुधाला दिली. माहीत असतं तरी दिली असती, उलट आधीच उसवून दिली असती, म्हणजे तिला टोचली नसती."

 चिटणीस हातातला कागद घडी घालत होता, उलगडत होता.

"पाटीवर नाव घाला माझं, खुशाल घाला," आई म्हणाली. "पण पूर्ण लिहा. सासूबाईंनी किल्ली तिघा मुलांपैकी एकालाही दिली नाही. सुनेच्या अंगावर शिवून दिली. आणि सुनेने ती दुधाला दिली. हे तिन्ही लिहा, नाही तर पाटी कोरीच राहू दे."

काकांची काठी खाली आली. खुराड्याची किल्ली पेटीच्या कडेला होती, ती त्यांनी उचलली आणि तळहातावर धरून बघत राहिले. नव्वदीचा म्हातारा, आईने आपल्यासाठी काय ठेवलं होतं ते आज नीट बघत होता. मग त्यांनी मान वर केली आणि भावजयीकडे बघितलं, टाचणीमार्फत नव्हे, सरळ.

"मला का नाही सांगितलं आईने?"

आईला उत्तर देता आलं असतं. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं तोंडावर फेकता आलं असतं, आणि टाचणी तर वाटच बघत होती. पण आई एवढंच म्हणाली, "तुम्ही कुलूप लावण्यात गुंग होता, भाऊजी."

काकांनी मान हलवली. किल्ली त्यांनी मुठीत धरून ठेवली आणि त्या दिवशी कुणालाच परत दिली नाही.

पाटीचं पुढे काय झालं म्हणता? चिटणीसाने संघाची सभा बोलावली. मग त्या सभेने पोटसमिती नेमली. मजकुरात "दूध" हा शब्द शोभतो का यावर अजून चर्चा चालू आहे. दालनाला कुलूप आहे. टाचणीने आईची तिन्ही वाक्यं मात्र शब्दन् शब्द कोरून तयार ठेवलीयत, दुकानात काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसतील अशी.

त्या दिवशी काकांच्या घरून निघाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता. आई कोपऱ्यापर्यंत चालली आणि थांबली. तिने अंग चोरून घेतलं, थंडीने की कशाने कोण जाणे. टाचणीने आपला कोट काढला आणि तिच्या अंगावर घातला.

"तुला नको का?"

"मला चरबी आहे भरपूर. घाल. थंडी फार आहे."

हे शब्द तोंडातून गेले आणि टाचणीने जीभ चावली. आई जागच्या जागी उभी राहिली. मग तिने एक हात कोटाच्या आत घातला आणि बोटांनी काखेतली शिवण चाचपायला लागली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या काखेतली.

"काही शिवलं नाहीस ना आत?"

"नाही गं आई. नुसता कोट आहे."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. तिने कोट दोन्ही हातांनी अंगाशी घट्ट ओढून घेतला, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.